शिवलेली नऊवारी बसताना का ओढते?

मार्केट यार्डाच्या फूलबाजारात लुगडं नेसलेल्या आजी तासन्‌तास मांडी घालून बसतात. शिवलेली नऊवारी घातलेली नात मात्र दोनदा काष्टा सावरते. असं का?

सुमारे सव्वाआठ मीटरचं लुगडं नेसताना निऱ्या फक्त कमरेला खोचतात. वाकलं की कापड सरकून जागा देतं. शिवलेल्या नऊवारीत ती सोय टिपेच्या हाती. स्कॉटलंडच्या किल्टमध्ये मागच्या चुण्या कमरेपासून सीटपर्यंतच शिवतात, खाली मोकळ्या. इथेही तेच हवं. टीप मांडीपर्यंत उतरली की पोट सपाट दिसतं खरं, पण पाऊल अडतं. आसन आखूड असेल तर बसताना शिवण उसवते.

म्हणून ट्रायल आरशासमोर उभ्याने नको, दुकानातच मांडी घालून बघा. ढोल वाजवायचा असेल तर वाकूनही.