मातीची स्मृती आणि अमूर्त चित्र

अमूर्त चित्र म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. ज्यात झाड नाही, माणूस नाही, घर नाही, ते चित्र कशाचे? प्रश्न रास्त आहे. परंतु मडक्यापुढे उभे राहून असा प्रश्न कोणी विचारीत नाही. मडक्याचा आकार कोणत्याही वस्तूची नक्कल नसतो, तरी तो आपणांस परका वाटत नाही. माझ्या मते आपल्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याला अमूर्त कलेकडे जाण्याची वाट कुंभारवाड्यातूनच सापडेल. ती कशी, हे सांगण्याचा हा अल्प प्रयत्न.

प्रथम मातीकडे पाहू. बुलढाणा जिल्ह्याचा बराचसा भाग ज्या काळ्या पाषाणावर वसला आहे, तो बेसॉल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांतून तयार झाला. उन्हापावसाने हा खडक झिजला, त्यातील फेल्डस्पारसारख्या खनिजांचे विघटन होऊन चिकणमाती झाली. आपली काळी जमीन ती हीच. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. कपाशीला ती मानवते. कुंभाराला मात्र ती नुसती चालत नाही, कारण भांडे वाळतानाच तडकते. म्हणून तो नदीचा वा तळ्याचा गाळ शोधतो आणि त्यात राख, वाळू किंवा घोड्याची लीद मिसळतो.

हाच खडक लोणारला निराळ्या रूपात भेटतो. तेथे अशनीच्या आघाताने सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पडले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या कालमापनानुसार ही घटना सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांपूर्वीची आहे. त्या क्षणी खडकाचा काही भाग वितळला, तर काही ठिकाणी फेल्डस्पारची नुसत्या दाबानेच काच झाली. निसर्गाने पेटविलेली ही भट्टीच म्हणायची! लोणारच्या डोंगरांत काच व साबण करण्याचे साहित्य मिळते, अशी नोंद 'ऐन-ए-अकबरी'त आहे. सरोवराच्या खारात सोडा असतो आणि सोड्यामुळे वाळू कमी उष्णतेवर वितळते. आजचे मृत्शिल्पकार भांड्यावरील झिलईसाठी फेल्डस्पार वापरतात, कधी सोडाही. माती आणि काच ही अशी एकाच खडकाची लेकरे आहेत.

आता स्मृतीकडे वळू. मातीला आठवण असते, असे मृत्शिल्पकार म्हणतात. हा केवळ काव्यात्म उद्गार नव्हे. चिकणमातीचे कण पातळ चकत्यांसारखे असतात आणि हाताच्या दाबाने ते एका दिशेने लागतात. ओली थाळी एकदा वाकली आणि आपण ती सरळ केली, तरी वाळताना किंवा भाजताना तो बाक पुन्हा उमटू शकतो. सुमारे ५०० ते ६०० अंश सेल्सिअसला मातीतील रासायनिक पाणी निघून जाते. त्यानंतर तिचा पुन्हा चिखल होत नाही. बोटाचा ठसा उमटला असेल तर तो कायमचा राहतो. भट्टीत हवा खेळली तर मातीतील लोह भांड्याला तांबडे करते, धूर कोंडला तर भांडे काळे होते. म्हणजे भट्टीत काय घडले, तेही मडके सांगते.

माणसाच्या आठवणीही मातीला बिलगून असतात. आखाजीला आपण पितरांच्या नावाने घागर भरतो. पोळ्याला ज्याच्या दारी बैल नाही, तो मातीच्या बैलांची पूजा करतो. अंत्यविधीतही मडके फुटल्यावाचून निरोप पुरा होत नाही.

चित्र आणि मडके यांचे नातेही आजचे नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील जोर्वे या गावावरून नाव पडलेली तांबडी मृत्पात्रे सुमारे ३,००० वर्षांहून जुनी आहेत. त्यांवर काळ्या रंगात मुख्यतः रेघा, त्रिकोण, चौकटी अशी भौमितिक चित्रे आहेत. त्या कुंभाराला 'हे कशाचे चित्र?' असे कोणी विचारले असेल काय?

आधुनिक काळात या प्रश्नाला सामोरे गेलेले दोन थोर चित्रकार विदर्भाशी संबंधित आहेत. वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले. 'अमूर्त' हा शब्द त्यांना रुचत नसे. आपली चित्रे ते वस्तुनिरपेक्ष मानीत. रोलरने व सुरीने रंगाचे थर द्यायचे, खरवडायचे, पुन्हा द्यायचे, अशी त्यांची पद्धत होती. खालचा थर वरच्यातून हळूच डोकावतो, जसा जमिनीतला जुना थर विहिरीच्या कडेला दिसावा. दुसरे सय्यद हैदर रझा. त्यांचे बालपण मंडला जिल्ह्यातील जंगलात गेले आणि कलेचे शिक्षण नागपुरात व मुंबईत झाले. चंचल मुलाचे चित्त स्थिर व्हावे म्हणून शिक्षकांनी भिंतीवर काढलेला ठिपका अनेक दशकांनी, पॅरिसमध्ये, त्यांच्या चित्रांत 'बिंदू' होऊन अवतरला. दोघांनीही निसर्गाचे चित्र काढले नाही असे म्हणतात. मला वाटते, त्यांनी निसर्गाचे रूप बाजूला ठेवून त्याची रीत घेतली. थर साचणे, झिजणे, बीज एका जागी स्थिर असणे, या निसर्गाच्याच रीती नव्हेत काय?

मी काढलेले काळ्या-राखी थरांचे एक चित्र घरी भिंतीवर टांगले आहे. त्यात एक अरुंद गुलाबी पट्टी आहे. काकांनी विचारले, "हे काय काढलं रे बापू?" मी म्हणालो, "काका, तुम्हाला काय आठवते ते सांगा." बराच वेळ पाहून ते म्हणाले, "मे महिन्यातलं आपलं वावर दिसते. अन् हे लोणारचं पाणी, गुलाबी झालं होतं ते." २०२० च्या जूनमध्ये क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे सरोवराचा रंग खरोखरच पालटला होता. चित्रात वावर नव्हते, सरोवरही नव्हते. तरी काकांना दोन्ही सापडले. एवढे झाले की अमूर्त चित्राचे काम झाले.

मात्र एक काळजी वाटते. प्लास्टिकच्या घागरी व शीतपेट्या आल्या आणि पुष्कळ गावांतील चाके थांबली. कोणत्या नाल्याचा गाळ माठाला चांगला, त्यात राख किती घालावी, हे ज्ञान पुस्तकात नाही, हातात आहे. ते हात थकत चालले आहेत. आपल्या महाविद्यालयातील चित्रकलेच्या विद्यार्थ्यांनी येत्या उन्हाळ्यात आपापल्या गावच्या कुंभाराकडे आठ दिवस बसावे, माती तुडवावी, विचारावे, लिहून ठेवावे. मग कॅनव्हासपुढे उभे राहावे. काय काढावे हा प्रश्न तेव्हा इतका अवघड वाटणार नाही.