काळ्या बेल्टनंतरची वर्षं

सोळा वर्षांपूर्वी ठाण्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये मी मुलीला तायक्वांदोच्या क्लासला सोडायला जात असे. तास संपेपर्यंत बाकावर पेपर वाचत बसायचो. दोन महिन्यांनी सर म्हणाले, "अहो, नुसते बसून काय करताय? या की रांगेत." मी तेव्हा सदतीस वर्षांचा होतो. मुलीने दहावीच्या वर्षी क्लास सोडला. माझा अजून चालू आहे.

पहिल्या दिवशी सरांनी लाथ शिकवली नाही, बेल्ट बांधायला शिकवला. पट्ट्याचा मध्य बेंबीवर धरायचा, दोन्ही टोकं मागून फिरवून पुढे आणायची, एक टोक दोन्ही वेढ्यांच्या खालून वर ओढायचं आणि गाठ मारायची. गाठ चपटी बसली पाहिजे आणि लोंबणारी टोकं सारखी हवीत. एक टोक लांब राहिलं की सर न बोलता बोट दाखवत. दोबोक, म्हणजे तायक्वांदोचा तो पांढरा वेश, सारखा करायचा असेल तर सरांकडे पाठ करायची आणि मगच हात लावायचा. कोरियन दोजांगमधली ही रीत आमच्या हॉलमध्ये अगदी तशीच पाळली जाते. दोजांग म्हणजे सरावाची जागा. दारात वाकून नमस्कार केल्याशिवाय तिथे आत यायचं नाही.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतो. 1910 ते 1945 कोरियावर जपानची सत्ता होती. जपानला शिकायला गेलेली काही मंडळी कराटे घेऊन परतली आणि स्वातंत्र्याच्या आसपास सोलमध्ये 'क्वान' नावाच्या शाळा निघाल्या. 'तायक्वांदो' हे नाव 1955 साली ठरलं. जनरल चोई होंग ही यांनी 1966 मध्ये एक आंतरराष्ट्रीय संघटना काढली, 1973 मध्ये दुसरी निघाली, आणि आजही जगात तायक्वांदोची ही दोन घराणी वेगळी आहेत. सोलच्या 1988 च्या ऑलिंपिकमध्ये त्याची प्रात्यक्षिकं झाली, 2000 साली सिडनीत पदकं आली. मी शिकलो ते दुसऱ्या घराण्याचं, ज्याचं पीठ सोलमधलं कुक्कीवॉन.

माझं मन गुंतलंय ते या विद्येतल्या पायऱ्यांत. काळ्या बेल्टच्या आधीच्या पायऱ्यांना 'गुप' म्हणतात. त्या उलट्या मोजतात: दहाव्या गुपपासून पहिल्याकडे. पांढरा, पिवळा, हिरवा, निळा, लाल. आपल्याकडच्या क्लासेसमध्ये मध्ये ग्रीन-वन, ब्लू-वन असे टप्पेही असतात. या परीक्षा आपले सरच घेतात, कुक्कीवॉनचा त्यांच्याशी संबंध नाही. काळ्या बेल्टपासून मात्र 'डॅन' सुरू होतो, मोजणी सुलटी होते आणि प्रमाणपत्र सोलहून येतं. ते कोरियन अक्षर 'दान'च्या जास्त जवळ आहे. बुद्धिबळासारख्या 'गो' या खेळात खेळाडूंची श्रेणी सांगायला ते वापरत. 1883 च्या सुमाराला जिगोरो कानो यांनी ते ज्यूदोत आणलं, तिथून ते कराटेत आणि पुढे कोरियात गेलं. पटावरच्या खेळातला हा शब्द ऐकला की मला आपल्या सारीपाटातलं दान आठवतं. नातं काही नाही, पण आठवतं खरं.

पंधरा वर्षांखालच्या मुलाला कुक्कीवॉन डॅन देत नाही. त्याला मिळतो 'पुम', आणि त्याचा बेल्ट अर्धा लाल, अर्धा काळा असतो. दोबोकच्या गळपट्टीलाही तेच दोन रंग. पंधरा पूर्ण झाली की पुमचा डॅन करून घेता येतो. कोरियात शाळा सुटली की दोजांगची गाडी येते, मुलांना घेऊन जाते आणि संध्याकाळी घरी सोडते. नोकरी करणाऱ्या आईवडिलांसाठी दोजांग म्हणजे पाळणाघरही असतं. त्यामुळे दहा वर्षांच्या पोराच्या कमरेला लाल-काळा बेल्ट दिसणं तिथे नवलाचं नाही. पहिला पुम किंवा पहिला डॅन म्हणजे बाराखडी आली, एवढाच तिथे अर्थ.

आपल्याकडे ब्लॅक बेल्ट मिळाला की पेढे वाटतात, पेपरात फोटो येतो आणि मुलगा क्लासला यायचा बंद होतो. हे मी इतक्यांदा पाहिलंय की मला त्याचं खरोखर वाईट वाटतं. 'डबल प्रमोशन' देऊन एका परीक्षेत दोन बेल्ट पार करवणारे क्लासही आहेत. अशाच एका क्लासमधून लाल बेल्ट घेऊन एक मुलगा आमच्याकडे आला होता. त्याला तिसरा तेगुक, म्हणजे रंगीत बेल्टवाल्यांसाठीच्या हालचालींचा तिसरा ठरलेला क्रम, येत नव्हता. सरांनी बेल्ट काढून घेतला नाही, पण रोज पहिल्या तेगुकपासून सुरुवात करवली. तो चार महिने टिकला आणि पाचव्या महिन्यात गेला. यात त्या मुलाचा दोष नव्हता, घाईने बेल्ट बांधणाऱ्यांचा होता.

कारण पुढचा हिशेब वर्षांचा आहे. पहिल्या डॅनवरून दुसऱ्याची परीक्षा द्यायला किमान एक वर्ष थांबावं लागतं. दुसऱ्यावरून तिसऱ्याला दोन, मग तीन, चार, पाच, सहा वर्षं. सातव्यावरून आठव्याला आठ आणि आठव्यावरून नवव्याला नऊ. बेरीज अडतीस. पंधराव्या वर्षी पहिला डॅन घेतला आणि एकही परीक्षा चुकवली नाही, तरी नवव्या डॅनपर्यंत वय त्रेपन्न होतं. वरच्या डॅनना निबंधही लिहून द्यावा लागतो. कितीही चपळ असा, कितीही पदकं मिळवा, नेहमीच्या नियमाने ही वर्षं काढल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. मला हे फार आवडतं. गवयाचा आवाज जसा वर्षांनी मुरतो, तसं इथे शरीर मुरावं लागतं.

तांग सू दो या दुसऱ्या कोरियन पद्धतीत तर काळा बेल्टच नाही. मू दुक क्वानचे संस्थापक ह्वांग की यांच्या परंपरेत त्या जागी गडद निळा बेल्ट बांधतात. काळ्यात आणखी काही मिसळता येत नाही, म्हणून तो शेवटाचा रंग, असं त्यामागचं कारण सांगतात. शिवाय प्रत्येक डॅनधारकाला एक क्रमांक मिळतो आणि तो जन्मभर त्याचाच राहतो.

आता माझा सगळ्यात लाडका विषय, पुमसे. समोर प्रतिस्पर्धी आहे असं धरून एकट्याने करायच्या हालचालींचा ठरलेला क्रम म्हणजे पुमसे. रंगीत बेल्टवाल्यांसाठी आठ तेगुक आहेत आणि ते 'यी चिंग' या चिनी ग्रंथातल्या आठ चिन्हांवर बांधलेले आहेत: आकाश, सरोवर, अग्नी, गर्जना, वारा, पाणी, पर्वत, पृथ्वी. दक्षिण कोरियाच्या झेंड्याच्या चार कोपऱ्यांत त्यातलीच चार चिन्हं आहेत. पुढे प्रत्येक डॅनला एक, असे नऊ पुमसे. पहिला कोर्यो. त्यात एक जागा अशी आहे की पाय जमिनीवर न टेकवता दोन लाथा मारायच्या: पहिली गुडघ्याच्या उंचीवर, लगेच दुसरी वर. ऐकायला सोपं आहे, पण टेकलेल्या पायाची टाच फिरली नाही तर दुसरी लाथ कमरेच्या वर जातच नाही. दुसऱ्या डॅनच्या परीक्षेआधीचे अकरा महिने मी ती एक जागा रोज घोटली.

दुसऱ्या डॅनचा पुमसे कुमगांग. या शब्दाचा अर्थ कळला त्या रात्री मला झोप लागली नाही. कुमगांग म्हणजे वज्र. संस्कृतातल्या 'वज्र'साठी चिनी बौद्ध भाषांतरकारांनी जी दोन अक्षरं वापरली, त्यांचा हा कोरियन उच्चार. या पुमसेत सारसासारखं एका पायावर उभं राहायचं, एक हात डोक्यावर आडवा, दुसरा खाली बाजूला. ही ढब वज्र धरणाऱ्या द्वारपालांशी जोडली जाते. आणि नवव्या डॅनचा इल्यो ज्या रेषेवर चालतो ती रेषा स्वस्तिकाची आहे, बौद्ध स्वस्तिकाची. ठाण्याच्या हॉलमधल्या फरशीवर आपण जे करतो, त्याच्या टोकाला दारातल्या रांगोळीतलं चिन्ह आहे!

मग मात्र कोरियाला जाणं भाग होतं. कुक्कीवॉन सोलच्या गांगनाम भागात टेकाडावर आहे. 1972 साली उघडलेली कौलारू छपराची इमारत, आणि वाट तेहरान रस्त्यावरून. सोलमध्ये तेहरान कुठून आलं? 1977 साली दोन्ही शहरांनी आपापल्या एकेका रस्त्याला एकमेकांचं नाव दिलं. इराण हा तायक्वांदोतला आज मोठा देश आहे, म्हणून त्या पाटीपाशी मी जरा रेंगाळलो. आतल्या सभागृहात कोणी नव्हतं. दारात वाकून नमस्कार केला.

पण माझं खरं ठिकाण ग्योंगजूचं सोक्कुराम होतं. तोहाम डोंगरावरचं हे दगडी लेणं आठव्या शतकातलं, 751 मध्ये काम सुरू झालेलं. आतल्या बुद्धापर्यंत जाता येत नाही, काचेआडून बघायचं. बुद्धाकडे जाणाऱ्या वाटेच्या दोन बाजूंना दोन कुमगांग, म्हणजे वज्रधारी द्वारपाल. एकाचं तोंड उघडं, दुसऱ्याचं मिटलेलं. हात उगारलेले, मुठी आवळलेल्या. दगडातसुद्धा दंडाचे स्नायू ताणलेले दिसतात. आपल्या लेण्यांच्या दारांवर मी लहानपणापासून द्वारपाल पाहत आलोय, तरी यांच्यापुढून मला लवकर हलवेना.

बाहेर आलो. अंगणात शाळेची सहल उतरली होती. एका कडेला बॅग ठेवली, बूट घट्ट केले आणि डाव्या पायावर उभा राहून कुमगांगचा तो बचाव केला. पाच सेकंद, सहा सेकंद. डोळे उघडले तर दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा समोर उभा. त्याने काही न बोलता माझा खालचा हात मनगटाला धरून शरीरापासून जरा लांब सरकवला, एक पाऊल मागे जाऊन पाहिलं आणि मान डोलावली. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाला, "पुम," आणि दोन बोटं दाखवली.

मी दोबोकमध्ये नव्हतो, तरी हात बाजूला घेतले आणि त्याला वाकून नमस्कार केला. त्यानेही केला आणि धावत सहलीच्या रांगेत गेला.