सातबाऱ्यावरची गर्दी

पुरंदर विमानतळाची ड्रोन मोजणी रोखायला २०२५मध्ये गावं रस्त्यावर उतरली आणि पुढे त्याच गावांतून संमतीपत्रंही गेली. 'शेवटी पैशाला भुलले,' असा निकाल पुणे शहरात लगेच लागला. पण भूसंपादन बाजूला ठेवा. ज्यांच्या मागे सरकार लागलेलं नाही असे वाघोली-मांजरीचे शेतकरीही विकतातच. त्याचं कारण भावापेक्षा सातबाऱ्यावर जास्त सापडतं.

समजा, आजोबांचे चार एकर आहेत. वारसनोंदी होता होता चुलते, चुलतभाऊ, आत्या मिळून नावं पंधरा. १६० गुंठ्यांत सरासरी वाटा अकरा गुंठेही नाही. सरसनिरस वाटप करायला गेलं की १९४७चा तुकडेबंदी कायदा आडवा येत आला. गुंठ्याला लाखांचा भाव फुटल्यावर बहिणींनी साडीचोळीवर हक्कसोड का लिहून द्यावं? देऊ नयेच. पण मग कसणारा एक, हिस्सेदार पंधरा. एजंट विसार घेऊन दारात आला की सगळ्यांना पटणारी वाटणी एकच उरते: रोकड. 'एकदाचं मोकळं होऊ,' हे वाक्य अशा बैठकीत बहुधा थोरलाच बोलतो.

जो विकत नाही, त्याचं रान शेजारी मोडतो. प्लॉटिंगवाला वहिवाटीच्या रस्त्यावर गेट बसवतो, ओढ्यात भराव टाकतो. पावसाचं पाणी वरच्या रानात तुंबतं. खुरपायला येणाऱ्या बाया सोसायट्यांत कामाला लागतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. शिवारात ज्वारी एकट्याचीच उरली, तर सगळ्या शिवाराची पाखरं तिच्यावरच उतरतात.

मगरपट्ट्याचं उदाहरण हमखास दिलं जातं: शेतकऱ्यांनी चारशेच्या आसपास एकर एकत्र करून स्वतःच शहर वसवलं. खरं आहे. पण तिथली बरीच कुटुंबं एकाच भावकीतली होती आणि एकत्र टिकली. असं प्रत्येक गावात घडत नाही.

आलेला पैसा बंगल्यात आणि गाडीत जातो, तेवढंच आपल्याला दिसतं. पुणे महापालिका हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आतली जमीन विकली की भांडवली नफ्यावर कर लागतो. दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली तर सूट मिळते. शिवाय कूळकायद्यामुळे शेतजमीन घ्यायला मुळात शेतकरी असावं लागतं, म्हणून सातबाऱ्यावरून नाव पुरतं पुसून टाकणं कुणालाच परवडत नाही. मग हा पैसा दौंड, शिरूर, इंदापूरकडे सरकतो. तिथल्या एकराचा भाव उसाच्या हिशेबात बसेनासा होतो आणि रान वाढवू पाहणाऱ्या तिथल्या तरुणाला बांधाला लागून असलेला एकरही घेता येत नाही.