‘ऑटो’ला काय दिसतं?

गाडीची ओळख : लेखांक ११

मागच्या लेखांकात आपण एसीच्या गॅसचा फेरा पाहिला : कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, इव्हॅपोरेटर आणि पुन्हा कॉम्प्रेसर. या फेऱ्यातून गारवा मिळतो. पण हवा किती गार सोडायची, किती जोरात सोडायची, तोंडावर की पायांवर, बाहेरची घ्यायची की आतलीच फिरवायची, हे ठरवतं कोण? साध्या एसीत आपला हात. ‘ऑटो’ बटण असलेल्या गाडीत एक छोटा संगणक. या बटणासाठी आपण गाडी घेताना जास्तीचे पैसे मोजतो आणि पुढे वर्षभर पंखा हातानंच कमी-जास्त करत बसतो. ही सोय पुरेपूर वापरायची, तर तिचं काम कसं चालतं ते आधी समजून घ्यायला हवं.

आंघोळीच्या बादलीत आपण कढत पाणी काढतो आणि अंगाला सोसेल इतकं विसण घालतो. गाडीतही विसणच घातलं जातं, फक्त उलट्या बाजूनं. ब्लोअरनं ओढलेली हवा आधी इव्हॅपोरेटरवरून जाते आणि चांगली गार होते. तिथं बर्फ धरू नये म्हणून इव्हॅपोरेटरचं तापमान शून्याच्या थोडं वर राखलेलं असतं. त्याच्या पुढे हीटर कोअर असतो. त्यात इंजिनाचं ९० अंशांच्या आसपास तापलेलं कूलंट खेळत असतं. या दोहोंमध्ये एक झडप असते. ती जेवढी उघडेल तेवढी हवा हीटरवरून वळसा घेऊन येते आणि गार हवेत मिसळते. हवेची दिशा बदलायला दुसरी झडप आणि आतली-बाहेरची हवा निवडायला तिसरी. ऑटोमध्ये या झडपा लहान मोटरींवर चालतात आणि त्या मोटरी संगणकाचं ऐकतात.

ही कल्पना साठ वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीनं १९४०च्या मॉडेलमध्ये कारखान्यातूनच एसी द्यायला सुरुवात केली. त्या यंत्रानं डिक्कीची बरीचशी जागा खाल्ली होती आणि थंडीच्या दिवसांत कॉम्प्रेसर बंद ठेवायचा तर त्याचा पट्टाच उतरवून ठेवावा लागे. पुढे १९६४च्या मॉडेलमध्ये कॅडिलॅकनं ‘कम्फर्ट कंट्रोल’ आणलं. चालकानं तापमान एकदा ठरवायचं. उन्हाळा असो की हिवाळा, गरम-गार हवेचं मिश्रण यंत्रानं सांभाळायचं. आज आपल्या डॅशबोर्डवर दिसणारा ‘२४’ हा आकडा त्याच कल्पनेचा वारस आहे.

आता या आकड्यामागचं गणित. आपण २४ लावतो तेव्हा गाडी २४ अंशांची हवा सोडत नाही. संगणक आधी एकच प्रश्न सोडवतो : जाळीतून बाहेर पडणारी हवा या क्षणी किती तापमानाची असायला हवी? त्यासाठी तो चार गोष्टी जमेस धरतो : आपण मागितलेलं तापमान, आतलं तापमान, बाहेरचं तापमान आणि ऊन. आत उकाडा जितका जास्त, बाहेर तापलेलं जितकं जास्त, ऊन जितकं कडक, तितकी जाळीतली हवा जास्त गार हवी. उत्तर मिळालं की मिश्रणाची झडप किती उघडायची, पंखा किती जोरात फिरवायचा आणि हवा कुठं सोडायची हे त्यावरूनच ठरतं. उत्तर खूप खाली किंवा खूप वर आलं की पंखा जोरात, मधे आलं की हळू. गार हवा तोंडावर, गरम हवा पायांवर.

भर उन्हात उभ्या केलेल्या गाडीचं उदाहरण घ्या. अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापात, कडक उन्हाळ्यात तासभर उन्हात राहिलेल्या गाड्यांच्या आत सरासरी ४७ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं गेलं आणि डॅशबोर्ड ६९ अंशांवर पोचला. अशा गाडीत बसून तुम्ही २४ लावलंत, तर गणिताचं उत्तर शून्याच्याही खाली जातं. तेवढी गार हवा एसी देऊच शकत नाही. मग संगणक हाताशी असलेलं सगळं पणाला लावतो : झडप पूर्ण गारव्याकडे, पंखा पूर्ण वेगानं, आतलीच हवा फिरती. याच वेळी तुम्ही २४ ऐवजी १८ किंवा ‘लो’ लावलंत तरी सुरुवातीला काहीच फरक पडत नाही, कारण यंत्राची पूर्ण ताकद आधीच लागलेली असते. फरक पडतो तो दहा-पंधरा मिनिटांनी, जेव्हा थंडी वाजू लागते आणि हात पुन्हा बटणाकडे जातो. बटणाशी चाललेली ही ओढाताण सोडून द्या. बसल्यावर काचा खाली करून एक-दोन मिनिटं गाडी चालवा, कोंडलेली आग बाहेर जाऊ द्या, काचा चढवा, २४ किंवा २५ लावा, ‘ऑटो’ दाबा आणि बाकीचं त्याच्यावर सोडा.

हे गणित चोख आहे. पण ज्या आकड्यांवर ते चालतं, ते सेन्सर पुरवतात. सेन्सरनं चुकीचं सांगितलं, तर संगणक प्रामाणिकपणे चुकीचंच उत्तर काढतो. हे मला घरच्याच अनुभवातून कळलं.

गेल्या मे महिन्यात आईला घेऊन सोलापूरहून पुण्याला परतत होतो. दुपारचे चार वाजून गेले होते. या रस्त्यावर त्या वेळी ऊन समोरच्या काचेतून थेट मांडीवर येतं. एसी २४ वर होता, पंखा संथ फिरत होता. भिगवणच्या अलीकडे आई म्हणाली, “अरे, हे चोवीस दाखवतंय, पण मला भाजून निघाल्यासारखं होतंय.” मी ‘लो’ केलं. हवा बर्फासारखी आली. पुन्हा २४ केलं, पुन्हा तेच. सकाळी जाताना काही तक्रार नव्हती आणि सूर्य मावळल्यावरही नव्हती. पुण्यात एका गॅरेजमध्ये दाखवलं. गॅस कमी असेल म्हणाले, भरून दिला. पुढच्या दुपारी परिस्थिती तीच.

तेव्हा शांतपणे विचार केला. ‘लो’ला हवा बर्फासारखी येते, म्हणजे गॅस, कॉम्प्रेसर सगळं ठीक आहे. गारवा भरपूर आहे, पण संगणक तो मागत नाहीये. आणि त्रास फक्त उन्हात होतोय. म्हणजे यंत्राला ऊन दिसत नसावं. काचेच्या तळाशी, डॅशबोर्डच्या कडेला वाटाण्याएवढा काळा घुमट असतो, तो सूर्यप्रकाशाचा सेन्सर. आमच्या गाडीत त्यावर गणपतीची छोटी मूर्ती होती आणि मूर्तीखाली आईनंच विणलेला क्रोशाचा रुमाल, दुहेरी घडी घातलेला. यंत्राच्या लेखी गाडी दिवसभर सावलीत चालली होती.

असं असूनही आतली हवा २४ अंशांची झाली होती, मग आई का तापत होती? डेन्मार्कचे शास्त्रज्ञ पोव्हल ओले फॅंगर यांनी माणसाला ऊबदार किंवा गार वाटण्यामागची सहा कारणं मांडली : हवेचं तापमान, भोवतालच्या पृष्ठभागांकडून येणारी उष्णता, हवेचा वेग, दमटपणा, अंगावरचे कपडे आणि शरीराची हालचाल. घराच्या खोलीत भिंती आपल्याला उन्हापासून राखतात, म्हणून तिथं हवेच्या आकड्यावर भागतं. गाडीला भोवताली काच असते आणि आपण उन्हातच बसलेलो असतो. म्हणून ऊन पडलं की यंत्रानं आपणहून हवा अधिक गार आणि पंखा अधिक वेगवान करायला हवा. सूर्याचा सेन्सर असतो तो याचसाठी.

बाकीचे सेन्सरही एकदा शोधून ठेवा. सगळ्या गाड्यांत सगळे नसतात. तुमच्या गाडीत कोणते आहेत ते गाडीबरोबरच्या पुस्तिकेत पाहा. आतल्या तापमानाचा सेन्सर बहुधा स्टिअरिंगजवळ किंवा मधल्या भागात एका लहानशा जाळीमागे असतो. त्याच्यावरून आतली हवा सतत ओढली जायला हवी, नाहीतर तो डॅशबोर्डचंच तापमान सांगत बसतो. याची परीक्षा सोपी आहे. एसी चालू करा, टिश्यू पेपरचा नखाएवढा कपटा त्या जाळीवर धरा आणि सोडा. कपटा चिकटून राहिला तर हवा ओढली जातेय. गळून पडला तर जाळीत धूळ साचली असेल, आतली नळी निसटली असेल किंवा छोटा पंखा बंद पडला असेल. बाहेरच्या तापमानाचा सेन्सर पुढच्या बंपरच्या मागे असतो. वाहतुकीत गाडी उभी असली की इंजिनाची आणि रस्त्याची धग त्याला लागते, म्हणून बऱ्याच गाड्यांत वेग मंद असताना त्याचा वाढता आकडा ग्राह्य धरत नाहीत. बंपर ठोकला जाऊन दुरुस्त झाला असेल, तर हा सेन्सर परत जागेवर बसवलाय का, हे अवश्य बघा.

पावसाळ्यात ऑटोची कसोटी वेगळीच असते. जुलैमध्ये ताम्हिणी किंवा आंबोलीच्या घाटात काच धूसर झाली की आपण घाबरून वाटेल ते बटण दाबतो. आधी वायपर फिरवा. धूसरपणा पुसला गेला तर दव बाहेरून धरलंय : एसीच्या हवेनं काच गार पडली आणि बाहेरची चिंब हवा तिच्यावर थिजली. अशा वेळी हवेचा झोत काचेवरून काढा आणि तापमान दोन-तीन अंश वाढवा. वायपरनं काहीच फरक पडला नाही, तर दव आतून आहे : चौघांचा श्वास, ओले रेनकोट, भिजलेल्या छत्र्या. तेव्हा समोरच्या काचेचं डिमिस्ट बटण दाबा, एसी चालू ठेवा आणि हवा बाहेरची घ्या. गाडीखाली जे पाणी ठिबकताना दिसतं, ती आतल्या हवेतूनच काढलेली ओल असते. हवा आधी गार करून कोरडी करायची आणि मग तिच्यात उबेचं विसण घालायचं, हे काम ऑटोइतकं छान हातानं साधत नाही. म्हणूनच थंडीतही एसीचं बटण बंद करून टाकू नका.

आतली हवा फिरवण्याबद्दल मात्र सावध राहायला हवं. गाडी लवकर गार व्हावी म्हणून ऑटो सुरुवातीला आतलीच हवा फिरवतो आणि ते योग्यच आहे. पण चार माणसं बंद गाडीत अर्धा-पाऊण तास तीच हवा घेत राहिली, तर आतला कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांमागे काही हजारांवर जाऊ शकतो. मोकळ्या हवेत तो सव्वाचारशेच्या आसपास असतो. अशा हवेत डोकं जड होतं, डुलकी येते. काही गाड्या मधूनमधून आपोआप बाहेरची हवा घेतात. तुमची घेत नसेल, तर लांबच्या प्रवासात दर अर्ध्या तासानं पाच मिनिटं तुम्हीच घ्या. चालकाची झोप उडवायला चहाआधी ही हवा द्या.

आता गॅरेजविषयी. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठून तरी गळती आहे. आधी ती शोधा, मग भरा. भरायचा तो बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनानुसार. लहान गाडीत तो अर्ध्या किलोच्याही आत बसतो, त्यामुळे अंदाजानं जास्त भरला तरी थंडावा घटतो. हे गांभीर्यानं घ्यायचं आणखी एक कारण आहे. सध्या बहुतेक गाड्यांत असलेला आर-१३४ए हा वायू हवेत सुटला, तर शंभर वर्षांच्या हिशेबानं वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट तापमानवाढ करतो. गळक्या गाडीत दर उन्हाळ्यात गॅस भरत राहणं म्हणजे आपल्या एका गारव्यासाठी सगळ्यांचा उन्हाळा वाढवणं आहे.

आणखी दोन खुणा. गाडी चालू केल्यावर डॅशबोर्डच्या मागून काही वेळ टक-टक आवाज येत असेल, तर एखाद्या झडपेच्या मोटरीचे दाते झिजलेले असू शकतात. अशा वेळी एका बाजूला गार आणि दुसऱ्या बाजूला गरम हवा, असाही प्रकार होतो. बॅटरी काढून पुन्हा लावल्यावर अनेक गाड्यांत या मोटरी आपली दोन्ही टोकं नव्यानं तपासून घेतात. त्या वेळी मिनिटभर एसीच्या बटणांना हात लावू नका.

या आठवड्यात प्रत्येकानं अर्धा तास काढावा. ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर काढून बघा. तो धुळीनं काळा पडला असेल तर बदला, कारण तुंबलेल्या फिल्टरपुढे ब्लोअर कितीही फिरला तरी हवा येत नाही. पुढच्या जाळीतून दिसणाऱ्या कंडेन्सरवर अडकलेले किडे आणि चिखल साध्या नळाच्या पाण्यानं हलक्या हातानं धुवा. जोराच्या फवाऱ्यानं त्याच्या पातळ पट्ट्या वाकतात. टिश्यूच्या कपट्याची परीक्षा घ्या. आणि डॅशबोर्डवरच्या काळ्या घुमटावर काय ठेवलंय ते पाहा.

आमच्या गाडीतला गणपती आता डॅशबोर्डच्या मधोमध बसलाय, रुमालासकट. आईनंच तो सरकवला. परवा त्याच रस्त्यानं, त्याच वेळी परत येत होतो. ऊन काचेतून आत आलं तसा पंखा आपणहून वाढला, ढगाआड सूर्य गेला तसा उतरला. आई भिगवणच्या आधीच झोपली होती. आकडा चोवीसच होता.

(पुढच्या आठवड्यात : गाडीची बॅटरी)