शू यांगत्यान आणि शंभर नगांचा व्यापार

एकविसाव्या शतकाच्या आरंभी तयार कपड्यांच्या जागतिक बाजारात स्पेनची ‘झारा’ व स्वीडनची ‘एच अँड एम’ ही नावे अग्रस्थानी होती. नवी फॅशन काही आठवड्यांतच दुकानात आणण्याची त्यांची हातोटी त्या काळी कौतुकाचा विषय झाली होती. एप्रिल २०२२ मध्ये मात्र गुंतवणूकदारांनी ‘शीन’ ह्या चीनमध्ये जन्मलेल्या कंपनीचे मूल्य सुमारे १०० अब्ज डॉलर ठरविले. ‘झारा’ची मूळ कंपनी आणि ‘एच अँड एम’ ह्या दोहोंच्या एकत्रित बाजारमूल्याहून ही रक्कम त्या वेळी अधिक होती. नाव घेण्याजोगे एकही कायमचे दुकान तेव्हा शीनपाशी नव्हते.

तिचे संस्थापक शू यांगत्यान हे शानदोंग प्रांतातले. शिवणकला वा वेशरचना हे त्यांचे क्षेत्र नव्हे. छिंगदाओ येथे शिक्षण घेतल्यावर ते नानजिंग शहरात, इंटरनेटच्या शोधयंत्रांवर एखादे संकेतस्थळ वरच्या क्रमांकावर कसे येईल, हे पाहण्याचे काम करीत. २००८ साली सहकाऱ्यांसह त्यांनी व्यवसाय सुरू केला आणि परदेशी वधूंसाठी लग्नाचे पोशाख इंटरनेटवरून विकले. पुढे ‘शीइनसाइड’ हे नाव आले व २०१५ मध्ये त्याचे ‘शीन’ झाले. शू ह्यांनी अनेक वर्षे मुलाखती व छायाचित्रे टाळली. अब्जाधीशांमध्ये हा गुण विरळाच!

त्यांच्या यशाचे मर्म कापडापेक्षा मागणीच्या हिशेबात आहे. लोक काय शोधतात, कोणत्या चित्रावर थांबतात, ह्याची नोंद ॲप ठेवते. नव्या नमुन्याचे आरंभी केवळ १०० ते २०० नग शिवून घेतले जातात. जे खपते त्याची मागणी त्वरित वाढते, उरलेले नमुने तिथेच थांबतात. एवढ्या लहान मागणीला कारखानदार सहसा तयार होत नाहीत. परंतु शीनने दक्षिण चीनमधील ग्वांगझौ शहराजवळच्या छोट्या शिलाई कारखान्यांना वेळेवर पैसे चुकते केले. इतर व्यापारी देणी रखडवीत असताना ही गोष्ट त्यांना मोलाची वाटली.

अमेरिकेने २०१६ मध्ये ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना आयातशुल्कातून सूट दिली होती. एकेक पोशाख थेट ग्राहकाच्या घरी विमानाने पाठविणाऱ्या शीनला तिचा मोठा लाभ झाला. चीनमधून येणाऱ्या मालापुरती ही सूट मे २०२५ मध्ये बंद झाली.

ह्या स्वस्ताईचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो? स्वित्झर्लंडमधील ‘पब्लिक आय’ ह्या संस्थेने २०२१ मध्ये ग्वांगझौच्या कामगारांविषयी अहवाल प्रसिद्ध केला. अनेक कामगार आठवड्याला सुमारे ७५ तास राबत होते आणि महिन्यातून एखादीच सुट्टी घेत होते, असे त्यात आढळले. चीनमध्ये कामाचा नियमित आठवडा ४० तासांचा आहे. मजुरी नगावर मिळत असल्याने जो थांबेल त्याची कमाई थांबे. अशा ठिकाणी जादा काम ‘स्वेच्छेने’ केले असे म्हणणे कितपत रास्त, ह्याचा विचार वाचकांनी करावा. पुरवठादारांकडे २०२३ मध्ये बालमजुरीची दोन प्रकरणे आढळल्याचे शीननेच पुढील वर्षी जाहीर केले. सवलतींविषयी ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल फ्रान्सने जुलै २०२५ मध्ये तिला ४ कोटी युरोंचा दंड ठोठावला.

भारताने जून २०२० मध्ये बंदी घातलेल्या ५९ चिनी ॲपांमध्ये शीनचा समावेश होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये हे नाव रिलायन्स रिटेलच्या माध्यमातून आपल्याकडे परतले. ह्या नावाने येथे विकले जाणारे कपडे भारतीय कारखान्यांतच तयार होतात आणि नावाच्या वापरापोटी शीनला शुल्क मिळते. थोडे नग आधी शिवायचे व खप पाहून पुढची मागणी द्यायची, ही ग्वांगझौची रीतही त्या नावासोबत येथील पुरवठादारांकडे आली आहे.