आधी हात धुवा, मग धातू मोजा!

भारतीय मानक सांगते, पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅमहून जास्त शिसे नको. म्हणजे नेमके किती? फक्त एक ग्रॅम शिसे पुरते विरघळले, की दहा हजार लिटरचे दहा टँकर त्या मर्यादेला टेकतात!

एवढे थोडे मोजताना यंत्राआधी माणूसच आड येतो. अमेरिकेतले क्लेअर पॅटरसन पृथ्वीचे वय काढायला दगडांतले शिसे मोजत होते. आकडे भलतेच जास्त येत. शिसे दगडात कमी आणि धुळीत, भांड्यांत, रसायनांत, माणसाच्या अंगावरच जास्त होते. त्यांनी प्रयोगशाळा घासूनपुसून काढली, हवासुद्धा गाळून घेतली आणि १९५६ मध्ये वय जाहीर केले: ४५५ कोटी वर्षे. मग तीच स्वच्छता घेऊन ते समुद्राकडे वळले. वरच्या पाण्यात खोल पाण्यापेक्षा जास्त शिसे! बोट गेले शिसेयुक्त पेट्रोलकडे. उद्योगाचा विरोध पत्करून पॅटरसन लढत राहिले. भारतात ते पेट्रोल २००० साली बंद झाले, जगातला शेवटचा पंप २०२१ मध्ये अल्जीरियात. घासलेल्या फरशीने जगावर केलेले हे उपकार फार थोड्यांना ठाऊक आहेत.

नमुन्याची बाटलीसुद्धा दगा देते. पाण्यातले धातू तिच्या भिंतींना चिकटतात आणि यंत्रापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून नमुन्यात शुद्ध नायट्रिक आम्लाचे थेंब टाकतात. मातीसाठी तर थेट अम्लराज, म्हणजे सोने विरघळवणारे मिश्रण! मग तो द्राव फवारतात आरगॉनच्या प्लाझ्मात. हा प्लाझ्मा सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही तप्त असतो.

हवेतले धातू टिपणारे यंत्र नाही? शेवाळ आहे! त्याला खरी मुळे नसतात, त्यामुळे ते बरेचसे हवेतूनच पोसले जाते. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात झाडांवरचे शेवाळ तपासले, तर कॅडमियमचा माग रंगीत काचेच्या कारखान्यांपाशी पोचला. पॅरिसमध्ये २०१९ साली नोत्र दाम कॅथेड्रलचे शिसे मढवलेले छत जळाले. धूर ज्या दिशेने गेला, तिकडच्या मधमाश्यांच्या मधात शिसे वाढलेले सापडले. आणि न्यू कॅलेडोनियातल्या एका झाडाचा चीक चक्क निळा-हिरवा, कारण सुकवल्यावर त्यात सुमारे पाव हिस्सा निकेल निघते.

बांगलादेशात मात्र गंमत संपते. हातपंपांच्या पाण्यात जमिनीतलेच आर्सेनिक उतरलेले. ते दिसत नाही, वास नाही, चव नाही. तपासणीचे तत्त्व जुने: १८३६ मध्ये इंग्रज रसायनज्ञ जेम्स मार्श यांनी विषप्रयोगाचे खून उघड करायला शोधलेले. पाण्यात आम्ल आणि जस्त टाकायचे, आर्सेनिकचा वायू निघतो. आजच्या किटमध्ये तो कागदाला पिवळा-तपकिरी डाग पाडतो. या शतकाच्या सुरुवातीला तिथे सुमारे ५० लाख पंप तपासले गेले. दूषित पंपाला लाल रंग, चांगल्याला हिरवा. शेजारशेजारच्या दोन पंपांचे रंग वेगळे निघत, म्हणून एकाची तपासणी दुसऱ्याच्या कामाची नव्हती. मोजमापाचा याहून थेट उपयोग मला दुसरा ठाऊक नाही: अक्षर न वाचता येणारी आजीही कुठले पाणी प्यायचे ते ओळखते.

नुसता एकूण आकडाही पुरत नाही. एकाच धातूची ही दोन रूपे पाहा: त्रिसंयुजी क्रोमियमची फारशी धास्ती नाही, षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक. अहवालात कोणते मोजले ते लिहिलेले हवेच.

तुमच्या बोअरवेलचा अहवाल हाती आला, की तीन गोष्टी जरूर विचारा. नमुन्यात आम्ल टाकले होते का? पाणी गाळले होते का? आणि यंत्राला कमीत कमी किती दिसते? शिशाची मर्यादा १० आणि यंत्राला ५० च्या खालचे दिसत नसेल, तर ‘आढळले नाही’ या शेऱ्यावर विसंबू नका. याहून बारीक मोजणाऱ्या यंत्रावर तपासणी पुन्हा करून घ्या.