काडतुसाची पारख

दोहा या कतारच्या राजधानीच्या उत्तरेस लुसैल येथे नेमबाजीचे जे विस्तीर्ण संकुल आहे, आणि जेथे 2006 सालच्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नेमबाजी झाली, तेथेच नोव्हेंबर 2019 मध्ये कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी 50 मीटर थ्री पोझिशन रायफल प्रकारात 1200 पैकी 1171 गुण मिळवून अंतिम फेरी गाठली व तीत चौथे स्थान पटकावून टोकियो ऑलिंपिकची एक जागा भारताच्या पदरात टाकली. गुडघा टेकून, पालथे पडून आणि उभे राहून त्या वेळी 120 गोळ्या झाडाव्या लागत, आणि दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा 10.4 मिलिमीटर! अशा ठिकाणी हाताच्या स्थैर्याइतकेच काडतुसाच्या अंतरंगाला महत्त्व येते.

मोठ्या रायफलीची काडतुसे स्वतः भरणारा नेमबाज गोळीचे वजन पाहून दारूची निवड करतो. कारण जड गोळी नळीत जागची हलावयास विलंब लावते, तेवढ्यात तिच्यामागील वायूचा दाब भडकतो, आणि म्हणून तिला सावकाश जळणारी दारू, तीही बेताचीच, द्यावी लागते. या हिशेबात हयगय झाली तर बंदूकच फुटावयाची. परंतु ऑलिंपिकच्या पॉइंट टू-टू काडतुसात ठिणगी पाडणारा मसाला पुंगळीच्या काठातच भरलेला असतो व घोड्याच्या आघाताने तो काठ चेपला जात असल्यामुळे ती पुंगळी पुन्हा भरता येत नाही. सुमारे 2.6 ग्रॅमची शिशाची गोळी आणि ग्रॅमच्या दशांशाहूनही अल्प दारू यांचा मेळ कारखान्यातच घातला जातो, तोही गोळीचा वेग ध्वनीच्या वेगाच्या किंचित खाली, सेकंदाला सुमारे 330 मीटर, राहील अशा बेताने.

मग नेमबाजाच्या हाती उरते ती पारख. इंग्लंडातील एली किंवा जर्मनीतील आरडब्ल्यूएस यांसारख्या नामांकित कारखान्यांचा मालदेखील लॉटगणिक सूक्ष्म फरकाने बदलतो, आणि एका रायफलीला मानवलेला लॉट दुसरीला मानवेलच असे नाही. यास्तव रायफल शिकंज्यात आवळून, एकेका लॉटच्या गोळ्या झाडून, त्यांची छिद्रे किती दाटीने पडतात हे पाहावे लागते. आखाती उष्म्याची तजवीज निराळीच: दारू तापली की दाब व वेग दोन्ही चढतात, म्हणून पेटी सावलीत ठेवावी आणि तापलेल्या नळीत काडतूस रेंगाळू देऊ नये.

हे सर्व श्रम गुणफलकावर उमटत नाहीत. आपल्या जिल्ह्यांतून नवी मुले या खेळाकडे वळत असताना क्रीडासंस्थांनी त्यांना रायफलीबरोबर लॉट पारखण्याची सोयही उपलब्ध करून द्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.